फळ्यावरची नावं
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



कमिटीने मला ‘जुन्या आठवणी’साठी पाच मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे वेळ पाळायची सवय आहे. पाण्याची टाकी, लिफ्ट, गळती यावर इतर वक्ते बोलतीलच. मी एकाच दिवसाबद्दल बोलतो. २६ जुलै २००५, मंगळवार.

तरुण मंडळींसाठी दोन आकडे सांगतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात! माझी शाखा फोर्टात. आमच्या खिडकीतून दिसत होता तो नेहमीचा जुलैचा पाऊस. गाड्या बंद पडल्याचं कळलं तेव्हा आम्ही आरामात चहा मागवला होता. मोबाइल लागत नव्हते. साडेपाचला शाखेच्या लँडलाइनवरून आपल्या तळमजल्यावरच्या काकूंकडे फोन लागला. त्यांनी हिला बोलावलं. ही म्हणाली, “अहो, धाकटी अजून आली नाही.”

धाकटी तेव्हा सतरा वर्षांची. बारावी सायन्स, माटुंग्याचं कॉलेज. मी म्हटलं, “मी चालत निघतो. वाटेत कॉलेजात बघतो, तिला घेऊनच येतो.”

भायखळा, दादर करत माटुंग्याला पोचायला साडेनऊ झाले. कॉलेजचा वॉचमन म्हणाला, “मुली दुपारीच सोडल्या, साहेब.” हॉलमध्ये वीस-पंचवीस मुलं अडकलेली होती, त्यांत ही नव्हती. पुढे सायनला कंबरभर पाणी. समोरून येणारे सांगत होते, कुर्ल्याला लोकल अडकल्यात, डब्यात पाणी शिरलंय. तिची गाडी कुर्ल्यावरूनच जायची. मी त्या बाजूला वळलो, तर दोर धरून उभ्या असलेल्या पोरांनी अडवलं. “काका, पुढे गळ्याएवढं आहे, जाऊ नका.” मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. मग म्हटलं, कदाचित ती घरी पोचलीही असेल. त्या एका ‘कदाचित’वर मी चेंबूर, मानखुर्द आणि खाडीपूल चाललो. पुलावर शेकडो माणसं होती, पण बोलत कोणी नव्हतं.

सकाळी सातला गेटमध्ये शिरलो. आपल्या नोटीस बोर्डाशेजारचा फळा जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यावर कायम मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची नावं असायची. तेव्हाच्या सेक्रेटरींनी ती यादी पुसून ‘घरी न पोचलेले’ असं वर लिहिलं होतं आणि खाली चौदा नावं. जो येईल त्याचं नाव पुसायचं. पण निरोपावर नाही, हा त्यांचा नियम. माणूस डोळ्यांनी दिसला पाहिजे. फळ्यावर आता दोनच नावं उरली होती, माझं आणि धाकटीचं.

ही काकूंच्या दारात उभी होती. तिने माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, “ती कुठाय?”

मी कॉलेजमधून तिला घेतलं असणार, असं धरून हिने रात्र काढली होती. मी तेच घराबद्दल धरून चालत आलो होतो. सेक्रेटरींनी माझं नाव पुसलं ते आमच्याकडे न बघता. काकूंनी चहा पुढे केला, तो तसाच राहिला.

साडेअकराला ती आली. दोन अनोळखी बायकांबरोबर कुर्ल्याहून मानखुर्दपर्यंत चालत आणि तिथून मार्केटकडे येणाऱ्या रिकाम्या ट्रकमधून. अंगात कुणाचा तरी दुप्पट मापाचा पंजाबी ड्रेस. सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी थांबल्यावर वस्तीतल्या मुलांनी बायकांना एकेक करून उतरवलं होतं आणि एका टेलरच्या पोटमाळ्यावर या अकराजणींनी रात्र काढली. टेलरच्या आईने खिचडी केली, कोरडे कपडे दिले. मी सायनला उभा होतो तेव्हा आमच्यात फार तर दोन-अडीच किलोमीटर अंतर असेल. पुढच्या रविवारी पेढे आणि तो ड्रेस घेऊन आम्ही दोघं गेलो. त्यांच्या दुकानातलं शिवायला आलेलं सगळं कापड चिखलात गेलं होतं. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

आमच्या बाईसाहेब घरात शिरल्या त्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून. आत फिजिक्सचं जर्नल, सह्या झालेलं. “बाबा, हे भिजलं असतं तर सगळं परत लिहावं लागलं असतं.” ही तोपर्यंत रडली नव्हती, जर्नल बघून रडली.

सेक्रेटरींनी तिच्या हातात डस्टर दिलं आणि तिचं नाव तिलाच पुसायला लावलं.

आज तिची मुलगी चौदा वर्षांची आहे, इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला की धाकटी मोबाइलवर तिचं लोकेशन बघते आणि वर मला म्हणते, बाबा, तुम्ही फार काळजी करता.

पाच मिनिटं संपली असावीत. फळ्याचं राहिलं. तो दोन दिवस कोरा होता. शुक्रवारी थकबाकीदारांची यादी परत लागली. त्यात आमचं नाव नव्हतं, हे नमूद करतो.