सुले पॅगोडा : शहराच्या ऐन मध्यावर



यांगूनला, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या रंगूनला गेलेला माणूस तिथला प्रसिद्ध श्वेडगॉन पॅगोडा पाहिल्याशिवाय परतत नाही. पण मी आज बोलणार आहे सुले पॅगोड्याविषयी. सुमारे ४४ मीटर उंचीचा हा अष्टकोनी सोनेरी स्तूप शहराच्या ऐन मध्यावर, भर चौकात उभा आहे. बुद्धांचा केस इथं जतन केलेला आहे, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा.

१८५२च्या युद्धात इंग्रजांनी रंगून घेतलं आणि काटकोनातल्या रस्त्यांचं नवं शहर आखलं. त्या आखणीचा मध्य त्यांनी धरला तो हा स्तूप. पुढे इतर गावांची अंतरंही इथूनच मोजू लागले. आजही पायथ्याशी दुकानांचं कडं आहे, हात पाहणारे ज्योतिषी बसलेले असतात. समोर मशीद आहे, जवळच चर्च आहे.

जोडे-मोजे काढून वर गेलं की स्तूपाभोवती वारांची स्थानं दिसतात. वार सात, स्थानं आठ. कारण बुधवारचे दोन भाग, सकाळचा आणि दुपारनंतरचा. सोमवारचा वाघ पूर्वेला, गुरुवारचा उंदीर पश्चिमेला. ज्याचा जन्म ज्या वारी, त्यानं त्या वाराच्या बुद्धमूर्तीवर पेल्यानं पाणी घालायचं. ऑफिसला निघालेली बाई पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पाणी घालते, हात जोडते आणि बस गाठायला निघते. देवाच्या दारी येण्यासाठी तिला सवड काढावी लागत नाही, कारण दारच तिच्या वाटेवर आहे. म्हणून १९८८ साली लोकशाहीसाठी माणसं रस्त्यावर आली, तीही याच चौकात जमली.

आपलंही या शहराशी नातं आहे. डिसेंबर १९५४मध्ये बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत नागपूरला धम्मदीक्षा झाली.

या शहराकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे रस्तारुंदीत जुनी वास्तू आली, की ती कधी हलवायची एवढाच प्रश्न निघतो. तिला मध्ये धरून रस्ता आखता येईल का, हे आधी विचारायला हवं. रंगूनमध्ये ते दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जमलं, आणि शहराचं त्यात काहीही अडलं नाही.