विखुरलेल्या संगणकांवरील कारभार : आरंभ कोठून करावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण आज सॉफ्टवेअरच्या व्यवसायात शिरत आहेत. मुलाला कोणत्या क्लासात घालावे, त्याने कोणती भाषा शिकावी, असे पालक आम्हांस वारंवार विचारतात. प्रसंगी त्यासाठी कर्जही काढतात. आमच्या मते खरा प्रश्न भाषेचा नसून विचाराच्या शिस्तीचा आहे. मोठ्या संस्थांचा कारभार एका संगणकावर न चालता अनेक ठिकाणच्या संगणकांवर मिळून चालतो. तेथे ही शिस्तच कामी येते.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण रेल्वे आरक्षणाचे आहे. आरंभी निरनिराळ्या शहरांतील आरक्षणाचे संगणक स्वतंत्र होते. पुढे ‘कॉन्सर्ट’ या योजनेने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ साली परस्परांशी जोडली गेली. मुंबईच्या खिडकीवर चेन्नईच्या गाडीची मागणी केली, की ती चेन्नईच्या संगणकाकडे जाते आणि उत्तर क्षणार्धात परत येते. २००२ साली इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली आणि या व्यवहारात बँकांचे संगणकही सामील झाले.

येथेच अडचणीचे मूळ आहे. एकाच संगणकावर काम झाले किंवा झाले नाही, एवढ्या दोनच शक्यता धरून चालता येते. दोन संगणक आले की तिसरी शक्यता उद्भवते : उत्तरच येत नाही. मागणी वाटेत हरवली, की काम होऊन उत्तर हरवले, हे विचारणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो. खात्यातून पैसे गेले पण तिकीट आले नाही, हा अनुभव आपणांपैकी अनेकांस असेल. पुन्हा मागणी करावी तर पैसे दोनदा कापले जाण्याचे भय. स्वस्थ बसावे तर प्रवास हुकण्याचे भय!

यावरील उपाय साधा आहे. प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि मागणी धाडण्यापूर्वीच तो नोंदवून ठेवावा. तोच क्रमांक पुन्हा आल्यास समोरच्या संगणकाने काम पुन्हा न करता पूर्वीचेच उत्तर द्यावे. मग दहा वेळा विचारले तरी पैसे एकदाच कापले जातात. तरीही काही शंका उरल्यास दोन्हीकडील हिशेबांचा मेळ घालावा, हे आपल्या पेढ्यांवरील जुने शहाणपण आहेच.

जोडणी कधी तुटत नाही, निरोपास वेळ लागत नाही, अशा नवशिक्यांच्या भ्रामक समजुतींची यादी सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतील पीटर डॉइच यांनी १९९४ साली केली. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेले तत्त्व तर अधिकच मर्मग्राही आहे. जोडणी तुटली असता सर्वत्र एकच खरी माहिती ठेवणे आणि प्रत्येकास तात्काळ उत्तर देणे, ही दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत. एकच बर्थ दोघांस विकला जाऊ नये असे वाटत असेल, तर एका खिडकीने थांबलेच पाहिजे. कोठे थांबावे, हा निर्णय यंत्राचा नव्हे, माणसाचा आहे.

तेव्हा तरुणांस आमचे सांगणे एवढेच, की प्रथम संपूर्ण काम एकाच संगणकावर नीट चालवावे. देवघेव अर्धवट राहू न देणारा डेटाबेस समजून घ्यावा. पोस्टग्रेससारखी उत्तम साधने विनामूल्य मिळतात. नंतर खरोखर गरज असेल तोच एक भाग दुसऱ्या संगणकावर न्यावा. मग मुद्दाम मधली तार काढून हिशेब जुळतो की नाही, हे तपासावे. विनाकारण दहा तुकडे करणारा दहा ठिकाणच्या बिघाडांना आमंत्रण देतो.

हा अभ्यास दोन जुन्या संगणकांवरही होतो. त्यासाठी कोणाच्याही आईचे दागिने गहाण पडण्याचे कारण नाही. मंडळाने आपल्या वाचनालयात असे दोन संगणक ठेवावेत आणि या व्यवसायातील अनुभवी ज्ञातिबंधूंनी महिन्यातून एक सायंकाळ मुलांसाठी द्यावी, अशी आमची विनंती आहे.