धनपाल कवीचे घर



आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली आहेत. शास्त्रदान म्हटले की ग्रंथ छापून मंदिरास अर्पण करणे एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. परंतु या दानाचे पहिले स्थान घर होय. एक हजार वर्षांपूर्वी माळव्यातील धारानगरीत असे एक घर होते. ते महाकवी धनपालाचे.

विक्रम संवत १०२९, म्हणजे इ. स. ९७२-७३ च्या सुमारास माळव्याच्या सैन्याने राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली. हे मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. त्याच वर्षी धारेत धनपालाने ‘पाइयलच्छीनाममाला’ हा प्राकृत शब्दकोश रचला. तो कोणासाठी? धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी. ग्रंथाच्या अखेरीस त्याने हे स्वतः नोंदविले आहे. राजे नगरे लुटीत होते, तेव्हा एक भाऊ बहिणीसाठी शब्द वेचीत होता. आज उपलब्ध असलेल्या प्राकृत कोशांत हा सर्वांत जुना मानला जातो.

धाकटा भाऊ शोभन याने जैन मुनिदीक्षा घेतली. प्रबंधग्रंथ सांगतात, की धनपालाला ती मुळीच रुचली नाही. जैन साधूंना धारेत येण्यासही त्याने बंदी करविली. पुढे शोभनमुनीच धारेस आले, भावाभावांत चर्चा झाली आणि थोरल्याचे मन पालटले. शोभनमुनींनी चोवीस तीर्थंकरांची ९६ श्लोकांची स्तुती रचली. तिच्यातील श्लोकांचा दुसरा व चौथा चरण उच्चाराने एकच, पण अर्थाने भिन्न. हे अवघड काव्य वाचकांना उलगडावे म्हणून त्यावर टीका लिहिली ती धनपालानेच. दुरावलेला भाऊ धाकट्याच्या ग्रंथाचा टीकाकार झाला.

तिसरी कथा त्याच्या कन्येची. धनपालाची ‘तिलकमंजरी’ ऐकून भोजराजा प्रसन्न झाला. परंतु कथेतील नायकाच्या जागी आपले नाव घालावे, असा त्याने आग्रह धरला. धनपालाने नकार दिला. संतापलेल्या राजाने पोथी अग्नीत टाकली. खिन्न होऊन घरी आलेल्या पित्याला लहानग्या मुलीने कारण विचारले आणि ऐकलेला ग्रंथ मुखोद्गत म्हणून दाखविला. तिला ठाऊक नसलेला भाग पित्याने नव्याने रचला. प्रबंधांतून या कथेचे तपशील थोडे बदलतात, तथापि तिचे मर्म बदलत नाही. ‘तिलकमंजरी’ आजही उपलब्ध आहे.

पोथी एकच असती आणि ती पेटीत बंद असती, तर राजाच्या क्रोधाने ती संपली असती. ती वाचली कारण ती घरात मोठ्याने वाचली जात होती, आणि ऐकणाऱ्यांत एक मुलगीही होती. बहिणीसाठी कोश, भावासाठी टीका, मुलीच्या कंठी काव्य: या घरात विद्या एकट्या कर्त्या पुरुषाची मिरास नव्हती.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेने ग्रंथ जतन करावेत, हे योग्यच आहे. पण कपाट वाळवीपासून ग्रंथ वाचविते, विस्मृतीपासून नव्हे. ते काम घराचे. सायंकाळी घरातील एकाने एक पान वाचावे व इतरांनी ऐकावे, आणि अर्थ विचारण्याचा पहिला मान घरातील सर्वांत लहान मुलाला किंवा मुलीला द्यावा. शास्त्रदानाचा आरंभ याहून सोपा नाही आणि याहून मोठाही नाही.

जय जिनेंद्र.