धूर की थंडी

डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलो. मीही शिकलो. पुढे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी वाचली, रिवाजाप्रमाणे डोळे पुसले आणि पुस्तक कपाटात ठेवून दिलं. ते पुन्हा बाहेर काढलं, ते माझी लेक वैद्यकीय शिक्षणासाठी शहरात गेली तेव्हा. या वेळी मी वेगळ्याच गोष्टी शोधत होतो. ही पोर परक्या गावात राहिली कुठे? जेवली काय? तिला खोली कुणी दिली?

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. नवरा सोबत नाही. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा घ्यायला आल्या होत्या थिओडिशिया कार्पेंटर. गोपाळराव जोशींनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र एका मिशनऱ्याला लिहिलं होतं. ते उत्तरासह अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं. उत्तराचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ती व्हा. कार्पेंटरबाईंनी ते मासिक दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत चाळलं. त्याही श्रद्धाळू ख्रिस्ती. पण त्यांनी कसलीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत त्यांनी सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मावशींच्या घरात त्या शब्दाला कधी धक्का लागला नाही.

पुढे फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. तिथे मात्र मावशी नव्हत्या. राहायच्या खोलीतली शेकोटी नादुरुस्त होती. पेटवली की धूर, न पेटवली तर थंडी. दोहोंपैकी काय सोसायचं, एवढीच निवड. त्यात शाकाहार. नऊवारीत पाय उघडे पडतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, तर गोपाळरावांची नाराजी टपालाने आली. गोपाळराव हे मला कधीच न सुटलेलं कोडं आहे. बायकोला शिकवण्यासाठी अख्ख्या समाजाशी भांडणारा हा माणूस तिला घालूनपाडून बोलणारी पत्रंही लिहीत होता. पण बाई गप्प बसल्या नाहीत. लहानपणी खाल्लेल्या माराचा हिशेब त्यांनी तिकडून एका पत्रात शांतपणे मांडला. वर्गातला अभ्यास, प्रकृतीची हेळसांड आणि शिवाय ही पत्रांची उत्तरं!

आता माझ्या लेकीच्या खोलीविषयी. आमचं आडनाव पाटील. मुसलमानांत पाटील असतात, देशमुखही असतात. पण हे शहरात सगळ्यांना ठाऊक नसतं. फोनवर माझं मराठी ऐकून घरमालक खूश व्हायचे. ‘या की पाटीलसाहेब, मुलीलाही आणा.’ आम्ही जायचो. चहा यायचा. मग मुलीला विचारायचे, ‘बाळ, नाव काय तुझं?’ ती नाव सांगायची. त्यानंतर त्यांना आठवायचं, की खोली पुतण्यासाठी ठेवलीय. असे तीन पुतणे झाले. तिसऱ्या जिन्यावरून उतरताना ती म्हणाली, ‘अब्बा, पुढच्या वेळी फोनवरच माझं नाव सांगा. चहा तरी वाचेल त्यांचा.’ मी हसलो. कवी माणूस, पण त्यावर शब्द सुचला नाही.

त्याच महिन्यात एक जुनं छायाचित्र माझ्या पाहण्यात आलं. १० ऑक्टोबर १८८५ ही त्याची तारीख. त्याच महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत : आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली. तिसरीचं नाव वाचून मी आधी खुर्ची पुढे ओढली. नंतर कळलं, की त्या ज्यू होत्या. नावावरून माणूस ओळखायची खोड फक्त घरमालकांनाच असते असं नाही! तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात, दागिन्यांसकट. कुणीही दुसरीसारखी दिसायचा प्रयत्न केलेला नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूकही ठरली. पण मायदेशी आल्या त्या आजार घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांची रक्षा मावशींकडे पाठवण्यात आली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. दहनही झालं आणि दफनही.

लेकीला अखेर वसतिगृहात एक खाट मिळाली. खोलीत चौघी आहेत. ते छायाचित्र तिने खाटेशेजारच्या भिंतीला चिकटवलंय. खिडकी नीट लागत नाही, पाऊस आला की चादर भिजते, असं परवा फोनवर म्हणाली. बंद करून घ्यावी, तर चौघींचा जीव गुदमरतो.