जुनाट वेदना आणि विम्याचा आधार



आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. काहींचे वृद्ध आईवडीलही तेथेच राहतात. म्हणून तेथील विम्याचा एक प्रश्न आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहोत.

कंबर, गुडघे किंवा मधुमेहाने बिघडलेल्या नसा यांचे दुखणे वर्षानुवर्षे पाठ सोडीत नाही. त्यावर अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात ओपिऑइड, म्हणजे अफूच्या गुणाची औषधे, सढळ हाताने दिली गेली. पुष्कळांना व्यसन जडले. १९९९ ते २०२२ या काळात अशा द्रव्यांच्या अतिमात्रेने, बेकायदा द्रव्ये धरून, ७ लाखांहून अधिक माणसे दगावली. जुनाट वेदनेवर ओपिऑइडविरहित उपचारांना प्राधान्य द्यावे, असे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२२ साली सांगितले.

अशी औषधे आहेत: ड्युलॉक्सेटीन, प्रीगॅबालीन, लिडोकेनची पट्टी. परंतु वैद्याने लिहून दिले तरी विमा कंपनी पूर्वमंजुरी मागते, किंवा आधी दुसरे स्वस्त औषध घेऊन पाहा म्हणते. अफूच्या गुणाची जुनी गोळी पुष्कळदा स्वस्त असते. रुग्ण नाइलाजाने तिकडे वळतो. २०२५ पासून एका कायद्यान्वये वृद्धांची सरकारी योजना मेडिकेअर काही ओपिऑइडविरहित औषधांचे स्वतंत्र पैसे देऊ लागली. पण ते मुक्काम न करता होणाऱ्या शस्त्रक्रियांपुरतेच. घरी रोज गोळी घेणारा रुग्ण त्याबाहेर राहिला. त्याच्याही वाटेतील अडथळे कायद्याने दूर व्हावेत, असे आमचे मत आहे.

तोवर नकार आल्यास स्वस्थ बसू नये. २०१० च्या कायद्यानुसार बहुतेक खाजगी विम्यांत १८० दिवसांच्या आत अपील करता येते. ते फेटाळले गेल्यास वैद्यकीय स्वरूपाच्या वादात त्रयस्थ तज्ज्ञांकडे दाद मागता येते, व त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. मेडिकेअरच्या औषध-विम्यात डॉक्टरांनी लेखी कारण दिल्यास अपवाद मागता येतो. त्यावर ७२ तासांत, आणि तातडी असल्यास २४ तासांत, निर्णय द्यावा लागतो.

एक सूचना मात्र महत्त्वाची. चालू असलेले ओपिऑइड औषध कोणीही आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे.

परदेशी असलेल्या आपल्या माणसांस ही माहिती अवश्य कळवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.