सुतक फिटल्यानंतर

आज बोलायचंय एलिझाबेथ मे यांच्या ‘द फाल्कनर’ या २०१३ साली आलेल्या कादंबरीबद्दल.

काळ १८४४चा, गाव स्कॉटलंडमधलं एडिनबरा. खऱ्या एडिनबऱ्याहून ग्लासगोला रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. या कादंबरीत मात्र माणसं यंत्रात बसून आकाशात उडतात. वाफेच्या युगाला कल्पनेचे असे पंख लावणाऱ्या साहित्याला स्टीमपंक म्हणतात.

नायिका आयलीना ही एका मार्क्विसची मुलगी. तिच्या आईचा खून एका परीनं केलाय. पण आईच्या प्रेताशेजारी रक्तानं माखलेली सापडली ती आयलीनाच, त्यामुळे सगळं उच्चभ्रू एडिनबरा तिच्याकडेच संशयानं बघतं. वर्षाचं सुतक फिटतं. आता वडिलांना एवढंच हवंय की मुलीनं समारंभांना जावं, नाचावं, चांगल्या घरी पडावं. आणि ती भर नाचातून निसटते, अंधारात परी गाठून मारते आणि केस सावरत परत येते.

परी म्हटलं की आपल्याला चांदणीची छडी आठवते. स्कॉटलंडच्या लोककथांत तसं नाही. तिथली ‘बावन शी’ शिकाऱ्यांबरोबर नाचता नाचता त्यांचं रक्त पिते. ॲबरफॉइलचे पाद्री रॉबर्ट कर्क यांनी १६९१-९२च्या सुमारास या परीलोकावर ग्रंथ लिहिला. ते वारले तेव्हा लोक म्हणाले, पऱ्यांनीच नेलं. मे यांचा अभ्यास मानवशास्त्राचा, आणि ही भीती त्यांनी मिळमिळीत होऊ दिलेली नाही.

याच परीलोकातला डेरिक नावाचा चिमुकला पिक्सीही कादंबरीत आहे. तो आयलीनाच्या कपाटात राहतो, शिकारीत फाटलेले तिचे झगे शिवून देतो आणि मजुरी मधात घेतो. फार गोड पात्र आहे!

मला मात्र सर्वांत भिडला तो आयलीनाचा राग. तिला मोकळेपणानं रडायला कुठं जागाच नाही. म्हणून ती आपल्या हातांनी हत्यारं बनवते, उडतं यंत्र जुळवते. सूड हेच तिचं शोक करणं आहे, आणि लेखिकेनं ते कुठंही सजवलेलं नाही. प्रेमाचा धागा त्या मानानं ठरावीक वाटतो.

शेवट ऐन लढाईत तुटतो. तीन भागांची ही मालिका २०१७ मध्ये पूर्ण झाली आहे, तेव्हा दुसरा भाग हाताशी ठेवूनच पहिला उघडा.