बोलावणं कुणाला गेलं नाही?

(नगर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय तो 'लोकांना एकत्र आणणारे कार्यक्रम' असा. हा विषय ऐकला तेव्हा आधी हसूच आलं. आपण दुसरं करतो काय? वर्षभर माणसंच तर जमवत असतो. ८ मार्चचा मेळावा, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, गटाची मासिक बैठक, आरोग्य शिबिर, पोषण सप्ताह, नाहीतर कुणी पाहुणे संस्था बघायला आले म्हणून घाईघाईने भरवलेली सभा. सतरंजी, माईक, हार, नारळ आणि हजेरीचा कागद. एम. एस. डब्ल्यू.ला आम्हाला 'समूहकार्य' नावाचा अख्खा पेपर होता. त्यात गट कसा बांधायचा हे सगळं होतं. गट बांधताना बाहेर कोण राहतं हे मात्र मला नीट कळलं ते पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीत, आणि तेही माझ्याच चुकीने. ती चूक आज सांगणार आहे.

आपल्या जिल्ह्याला माणसं जमवण्याची कला शिकवावी लागत नाही. मढीला कानिफनाथांची यात्रा भरते तेव्हा कुठून कुठून पालं येतात. भटक्यांची पंढरीच म्हणतात तिला. मोहट्याला नवरात्रात बाया रात्रीच्या पायी चालत जातात. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला लाखांनी माणूस येतो. गावागावांतून भाकरी जमा होतात आणि त्या थापणाऱ्या हातांची गणती कुणी करत नाही. पण जमणं आणि सामील असणं यांत फरक आहे. मढीलाच वर्षानुवर्षं जातपंचायती बसत. तिथे निवाडे व्हायचे ते बहुतेक बायांच्याच बाबतीतले, लग्न मोडायचं का, दंड किती, वाळीत कुणाला टाकायचं. आणि बसणारे सगळे पुरुष. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. तोवर ही सगळी माणसं यात्रेत 'एकत्र'च येत होती ना?

शनिशिंगणापूरचं तर तुम्हा सर्वांना माहीतच आहे. दर्शनाला बाया हजारोंनी, पण चौथऱ्याच्या खालीच. २६ जानेवारी २०१६ ला चौथऱ्यावर जायला निघालेल्या बायांना सुप्यात अडवलं होतं. नंतर उच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे पुरुष जातो तिथे बाईला अडवता येणार नाही, आणि त्या वर्षीच्या पाडव्याला, ८ एप्रिलला, चौथरा सगळ्यांना खुला झाला. आपल्यातल्या काही जणी तेव्हा म्हणाल्या होत्या, देवळात जायचंच कशाला, तो काय आपला प्रश्न आहे का? मीही त्यांतलीच होते. आज इतकं ठाम म्हणवत नाही. जिथे गाव जमतं तिथे बाईची जागा कुठली, हा प्रश्न देवळाचा असो नाहीतर चावडीचा, एकाच जातीचा आहे.

आणि जात म्हटलं की सोनई, खर्डा, कोपर्डी ही नावं या जिल्ह्यात राहून टाळता येत नाहीत. २०१३, २०१४ आणि २०१६. तिन्ही वेळा माणसं रस्त्यावर आली, आणि बहुतेक करून आपापल्या जातीची आली. आमच्या एका गटातल्या बाया तेव्हा एकमेकींच्या घरी जायच्या थांबल्या होत्या. हप्ता पोरांच्या हाती पाठवायच्या. बाहेरून भरवलेल्या कुठल्याही 'सलोखा कार्यक्रमा'ने तो गट जुळला नाही. बँकेचं कर्ज मंजूर झालं, सह्यांना सगळ्यांनी तालुक्याला जायचं होतं आणि जीप एकच होती. जीपमध्ये बसल्यावर बोलणं सुरू झालं, एवढं खरं.

जामखेडच्या आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं तेव्हा त्यांना हे बरोबर उमजलं होतं असं मला वाटतं. वेगवेगळ्या जातींचे पुरुष सभेला बोलावले तर वेगवेगळे बसणार. म्हणून त्यांनी गावात व्हॉलीबॉल आणला. चेंडू एकच असला की तो कुणाच्या हातचा आला हे विचारत बसता येत नाही. त्या खेळातून पुढे शेतकरी मंडळं उभी राहिली. गावाच्या पाण्याची सोय करताना बोअर दलित वस्तीत घेतली की पाण्याला सगळ्यांना तिकडेच यावं लागे. आणि आरोग्याचं काम त्यांनी शिकवलं ते गावातल्याच बायांना. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर, कितीतरी दलित. बाळंतपणाला अडलेल्या घराने मग त्यांनाच हाक मारली. एकतेवर भाषण न देता जमवलेला हा कार्यक्रम होता.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आम्ही त्या वाडीत बचत गट सुरू केले. बाया बैठकीला येईनात. घरून सोडत नाहीत, वेळ नाही, नेहमीचंच. मग आमच्या बैठकीत ठरलं, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवू. हळदीकुंकवाला जाऊ नको असं कुठली सासू म्हणणार? तुम्हीही सगळ्या हे करता, मला माहीत आहे. निवडणूक आली की उमेदवारही करतात, आणि वाणाला स्टीलचा डबा देतात. आमच्याकडे डबे नव्हते, आम्ही लोहाच्या गोळ्यांची माहिती दिली आणि एकेक कंगवा.

अंगणवाडीच्या पटांगणात दीडशेच्या आसपास बाया आल्या. उखाणे झाले, गाणी झाली, मी रक्तक्षयावर वीस मिनिटं बोलले. उशिरापर्यंत कुणी उठेना. फोटो इतके छान आले की ते वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर गेले.

त्या फोटोत आमच्या गटाची सचिव नाही. तेव्हा एकतीस वर्षांची, सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. कार्यक्रमाच्या चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या होत्या, घरोघरी वाटल्याही तिनेच. आणि कार्यक्रमभर ती अंगणवाडीच्या मागच्या खोलीत चहा करत होती. मी कुंकवाची कोयरी हातात घेऊन रांगेने फिरत होते. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, तिला म्हटलं, "चहा पाठवा हं आता." आणि वळले. एवढंच मी केलं. माझ्या काही लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढच्या बैठकीला तिने गटाची वही माझ्यापुढे ठेवली. "ताई, ही दुसऱ्या कुणाकडं द्या." मी म्हटलं, का हो, काय झालं? घरचं काही आहे का? तर म्हणाली, "समद्यांच्या चिठ्ठ्या मीच लिव्हल्या. माझ्या नावाची तेवढी नव्हती."

मी समाजकार्याची पदवी घेतलेली, स्त्रियांच्या हक्कांवर शिबिरं घेणारी. गावात तिला कुणी बोलावत नव्हतं हे मला पाठ होतं. पण मीही बोलावलं नाही. गावाची रीत मी जशीच्या तशी उचलली, वर लोहाच्या गोळ्या ठेवल्या आणि तिला कार्यक्रम म्हटलं.

आणखी एक गोष्ट मला त्यानंतर दिसली. जानेवारीत त्या वाडीतल्या निम्म्या बाया असतातच कुठे? त्या कोयत्यावर. दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार भरून ऊसतोडीला गेलेल्या, पट्टा पडल्यावर परतणार. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकट्या बाईला मुकादम उचल देत नाही, दिली तर अर्धा कोयता म्हणून. म्हणून तर आमची सचिव गावात राहिलेली. म्हणजे आमच्या हळदीकुंकवाला आल्या कोण? ज्यांना नवरा आहे, आणि ज्यांना पोटासाठी गाव सोडावं लागत नाही अशा. गावातल्या दोन मुस्लिम घरांतल्या बायाही आल्या नव्हत्या. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं, पण या असंही म्हटलं नव्हतं. दीडशेचा आकडा मला पुन्हा बोलून दाखवावासा वाटेना.

मग काय करायचं? मी तावातावाने म्हटलं, हळदीकुंकू बंद. गटातल्या बाया गप्प. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. एक जण म्हणाली, "वर्साचा येकच दिस आमी नटून भायेर पडतो, तो बी तुमी घेता व्हय?" मग मी म्हटलं, विधवांचं हळदीकुंकू करू. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगणारं परिपत्रक काढलं, हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यानंतर आपल्याकडे असे कार्यक्रम पुष्कळ झाले. स्टेजवर पाच-सहा जणींना बसवायचं, पाहुण्यांच्या हस्ते कुंकू लावायचं, टाळ्या, फोटो. मी हे सुचवल्यावर सचिव बाई म्हणाल्या, "मला कुंकू नकंच ताई. मला बोलावणं पायजे."

हे वाक्य मी त्यानंतर अनेक सभांमध्ये सांगितलं आहे. ती समोर बसलेली असताना सांगायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.

वाट काढली ती गटातल्या एका म्हाताऱ्या माळकरी आजींनी. त्याही विधवाच. त्या म्हणाल्या, सप्त्याला मी पुढं बसते, दिंडीत डोक्यावर तुळस असते, तिथं मला कुणी मागं सर म्हणत नाही. का? तिथं बुक्का लावतात, आणि बुक्का काय नवरा बघून लावत्यात का? मला हे कधी सुचलं नसतं. सप्ताह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बायांनी थापलेल्या भाकरी आणि व्यासपीठावरचे महाराज येतात, आणि ते खोटं नाही. पण नवरा गेलेल्या बाईला गावात उजळ माथ्याने बसायला दुसरी जागा कुठली होती, हे आपण कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःला बुक्काही नको होता, सगळ्यांना चालेल असं काहीतरी असावं असं वाटत होतं. पण ठरवणाऱ्या त्या होत्या. मुस्लिम घरातली एक जण हसून म्हणाली, मला पन्हं चालंल, आणि तेवढ्यावर ते मिटलं.

तारीखही बदलली. ग्रामसभा होतात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. २६ जानेवारीला निम्मं गाव उसाच्या फडात. १ मेला सगळे परतलेले. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची हे कायद्यातच आहे. आपल्याकडे ती होते कशी हे सांगायला नको, शिपाई वही घेऊन दारोदार जातो, बाया पीठ लागलेल्या हाताने अंगठे देतात, झाली महिला सभा. आम्ही ठरवलं, ३० एप्रिलला ऊन उतरल्यावर जमायचं, त्यालाच महिला सभा म्हणायचं, आणि ग्रामसेवकांना वही घेऊन तिथे बोलवायचं.

दीडशे नाही आल्या. साठ-पासष्ट असतील. जानेवारीत पुढे बसलेल्यांपैकी बऱ्याच आल्या नाहीत. एकीच्या सासूने तर दारातूनच सांगितलं, विधवेच्या हाताने लावून घ्यायला आमच्या सुनेला काय झालंय? पण ऊसतोडीवरून आलेल्या होत्या, हात कापलेले, अंगावर ताप असलेल्या. आजींनी दारात उभं राहून सगळ्यांना बुक्का लावला, ज्यांनी नको म्हटलं त्यांना हातात पन्हं दिलं. उखाणे झाले. सचिव बाईंनी नाव न घेता उखाणा घेतला, पोरांचं नाव घातलं त्यात. कुणी हसलं नाही, कुणी डोळे पुसले नाहीत, पुढचीचा नंबर आला.

त्याच बैठकीत तिने पहिल्यांदा स्वतःचं काम काढलं. ती राहते ते घर ग्रामपंचायतीच्या नोंदीत सासऱ्याच्या नावावर, सासरा वारलेला, आणि दीर म्हणतो तुझा काय संबंध. नवऱ्याच्या मागे ती आणि मुलं वारस. तिला नमुना आठला नाव लावून हवं होतं. आमच्या वह्यांमध्ये चार वर्षं तिचं अक्षर होतं आणि हे तिने कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारणार कुठे? मागच्या खोलीत?

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला आम्ही चाळीस जणी गेलो. पुरुषांनी जागा करून दिली नाही, मग बाया पारावर बसल्या, म्हणजे आपोआप उंचावर. ती उभी राहिली, अर्ज वाचला. दीर उठून निघून गेला. सरपंच बाई होत्या, त्यांचे पती शेजारी बसले होते. पंचायतीत अर्ध्या जागा बायांना मिळून इतकी वर्षं झाली, तरी शेजारची ती खुर्ची हलत नाही. पती बोलायला लागले तशा आजी म्हणाल्या, "तुमी थांबा, आमच्या सरपंचाला बोलू द्या." सरपंच बाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, अर्ज घ्या.

या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. आपण बोलताना अजून नगरच म्हणतो. चौंडीची ही लेक १७२५ ची, ऐन तारुण्यात नवरा गेला, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं तिने राज्य चालवलं. मला प्रत्येक सरकारी पत्रावर ते नाव दिसतं तेव्हा वाटतं, अहिल्याबाई आज आपल्या गावात राहत असत्या तर संक्रांतीची चिठ्ठी त्यांना गेली असती का?

नाव अजून लागलेलं नाही. दिराने हरकत घेतली आहे, वारस दाखल्याचं काम चालू आहे, दोनदा तारीख पुढे गेली. अर्जाची पोच तिने गटाच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवली आहे. वही तिच्याकडेच आहे. आम्ही येत्या ३० एप्रिलला पुन्हा जमणार आहोत. मागच्या खेपेला न आलेल्या त्या सुनेच्या घरी चिठ्ठी घेऊन ती स्वतः जाणार म्हणते. मी म्हटलं, मी येते बरोबर. तर म्हणाली, "नगं, तुमी आल्यावर ती सासू गोड बोलंल. मला खरं ऐकायचंय."